मोरचुदाचा माशांपर्यंतचा प्रवास

नाशिक किंवा तासगावच्या द्राक्षबागायतदाराला मोरचूद म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे बोर्डो मिश्रणाचे माप त्याला तोंडपाठ असते. वेलीवर केवड्याची लक्षणे दिसू लागली की तो फवारणीच्या तयारीला लागतो. कोकणात सुपारीच्या घडांवर कोळेरोगासाठी हेच मिश्रण मारतात. हाच निळा खडा, प्रमाण हजारो पटींनी कमी करून, खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचा जीव वाचवण्यासाठीही वापरतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. घरी मरीन टँक ठेवणाऱ्यांना ते औषध माहीत असते, पण बहुधा बाटलीवरच्या नावाने. बाटलीत तांबे आहे एवढे त्यांना कळते. ते तिथवर कसे पोहोचले आणि नेमके कोणावर काम करते, हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही. माझे मत असे की औषध हाती असूनही मासे मरतात, त्याचे मोठे कारण हेच आहे.

आधी रोगाकडे पाहू. टाकीत नवा मासा सोडल्यावर आठ-पंधरा दिवसांत एखाद्या टँग माशाच्या परांवर मिठाचे कण चिकटावेत तसे ठिपके उमटतात. मासा दगडाला अंग घासतो, एखादे वेळी खाणे सोडतो. दोन-चार दिवसांत ठिपके नाहीसे होतात आणि घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. आठवड्याभराने ठिपके परत येतात, ते या वेळी टाकीतल्या बहुतेक सगळ्या माशांवर. हा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. छंदातले लोक त्याला नुसते ‘इच’ म्हणतात. त्याच्याहून घातक तो ‘व्हेल्व्हेट’, म्हणजे अमायलूडिनियम ओसेलॅटम. त्याचे कण इतके बारीक की अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखे काही दिसलेच तर दिसते. तो आधी कल्ल्यांवर हल्ला करतो, म्हणून पुष्कळदा मासा धापा टाकू लागेपर्यंत काहीच लक्षात येत नाही, आणि तोवर हाती थोडेच दिवस उरलेले असतात.

मधल्या काळात ठिपके गेले म्हणून रोग गेला, असे होत नाही. माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली तीन ते सात दिवस पोसलेला इचचा परजीवी स्वतःहून बाहेर पडतो, तळाशी किंवा दगडावर जाऊन कवच करून बसतो, आणि त्या कवचात विभागत विभागत त्याचे दोन-अडीचशे पोहणारे जीव तयार होतात. ते बाहेर आले की एक-दोन दिवसांत त्यांना मासा सापडावा लागतो. नाही सापडला तर ते मरतात. कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि कवचात असताना कवच त्याला राखते. उघडा असतो तो फक्त पोहताना. व्हेल्व्हेटचे चक्रही याच धाटणीचे, फक्त जास्त वेगवान. मोकळ्या समुद्रात या पोहणाऱ्या जिवांपैकी फारच थोड्यांना मासा भेटतो, म्हणून प्रवाळखडकांवरच्या माशांवर हे परजीवी असले तरी सहसा तुरळक असतात. चार फुटी काचेच्या टाकीत मात्र प्रत्येकाला मासा भेटतो. म्हणजे साथ समुद्राने आणलेली नसते, ती आपल्या टाकीच्या भिंतींनी घडवलेली असते.

आता तांब्याची वंशावळ. १८०७ साली फ्रान्समधल्या मोंतोबाँ इथले बेनेदिक्त प्रेव्हो गव्हाच्या काणीचा अभ्यास करत होते. तांब्याच्या भांड्यातून आलेल्या पाण्यात काणीचे बीजाणू रुजत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. रोग एका सूक्ष्म जिवामुळे होतो आणि तांब्याचा लेशमात्र अंश त्या जिवाला रोखतो, अशा दोन्ही गोष्टी त्यांनी मांडल्या. त्या काळी त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे पाऊण शतकाने, १८८२च्या शरद ऋतूत, बोर्दो विद्यापीठातले पियेर मिलार्दे मेदोक भागातल्या द्राक्षमळ्यांतून जात होते. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने त्या वर्षी वेली उघड्या पडल्या होत्या, पण वाटेच्या कडेच्या वेलींवर पाने शाबूत होती. चौकशी केल्यावर कळले की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मळेवाले त्या कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचा निळसर थर देत. विषासारखे दिसावे, एवढाच त्यांचा हेतू. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गायाँ यांच्या मदतीने त्याचे प्रयोग केले आणि १८८५ साली कृती प्रसिद्ध केली. बोर्दो गावाचे नाव घेऊन ती जगभर गेली आणि आपल्याकडे ‘बोर्डो’ होऊन बागायतदारांच्या बोलण्यात रुळली.

बुरशीवरून तांबे शैवालाकडे वळले ते म्युनिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांच्यामुळे. त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवले की नुसते तांबे ठेवलेल्या पाण्यातही स्पायरोगायरा हे हिरवे शैवाल मरते. पाण्यात उतरलेले तांबे अगदी अत्यल्प असले तरी पुरते. हा धागा धरून १९०४ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी शहरांच्या जलाशयांत मोरचूद सोडून शैवाल मारण्याची पद्धत मांडली. पाण्याला येणारा वास आणि हिरवा तवंग यांनी हैराण झालेल्या शहरांना ती लगेच पटली. माशांच्या टाकीपासून आपण अजून दूर आहोत, पण मोरचूद आता पाण्यात उतरला आहे आणि पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवर त्याची सत्ता चालते हे सिद्ध झाले आहे.

तिकडे टाकीचीही घडण चालू होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने इंग्लंडमधल्या घराघरांत खाऱ्या पाण्याच्या काचपेट्यांचे वेड पसरवले. त्या पेट्यांत थंड किनाऱ्यावरचे समुद्रफूल, खेकडे, छोटे मासे असत. उष्ण कटिबंधातले रंगीत मासे गरम केलेल्या, तेच तेच फिरवलेल्या पाण्यात ठेवणे ही नंतरची गोष्ट, आणि साथी आल्या त्या याच व्यवस्थेबरोबर. गोड्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग १८७६ सालीच फूके या फ्रेंच अभ्यासकाने ट्राउट माशांवर वर्णिला होता. समुद्री माशांचे दुखणे त्याचेच भावंड असेल असे पुढे बराच काळ धरून चालले गेले. दिसायला ते तसेच होते.

इथे ई. एम. ब्राउन यांचे नाव येते आणि माझ्या लेखी या सगळ्या हकिकतीत ते सर्वांत महत्त्वाचे आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे मोठे मत्स्यालय १९२४ साली मॅपिन टेरेसेसच्या खाली सुरू झाले होते. तिथल्या माशांच्या कल्ल्यांवरून ब्राउन यांनी १९३१ साली एक नवा परजीवी वर्णिला आणि त्याला ऊडिनियम ओसेलॅटम असे नाव दिले. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या नात्यातला हा जीव माशाच्या पेशींत मुळांसारखे धागे रोवून बसतो, हे त्यांनी उलगडले. १९३४च्या लेखात त्यांनी त्या साथीची सविस्तर मांडणी केली, आणि १९४६ साली रेमाँ ओव्हास यांच्यासोबत त्याला अमायलूडिनियम या वेगळ्या प्रजातीत हलवले. मग १९५१ साली याच ब्राउन यांनी समुद्री पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिले. जपानचे सिकामा यांनी १९३७ सालीच या दुखण्याचे वर्णन केले होते. त्यांनी तो गोड्या पाण्यातल्या परजीवीचा सागरी भाऊ मानला आणि १९६१ साली तसे नावही सुचवले. ब्राउन यांनी वेगळेपण ओळखले होते. पुढे जनुकीय तपासणीने त्यांच्या बाजूने कौल दिला: दोघांचा जवळचा संबंध नाही, नुसती जगण्याची रीत सारखी आहे. मरीन टँकचे दोन मोठे शत्रू एकाच अभ्यासकाने, एकाच मत्स्यालयाशी बांधलेल्या कामातून जगासमोर ठेवले. तरी आज छंदाच्या पुस्तकांत हे नाव बहुतेक वेळा परजीवीच्या लॅटिन नावामागे लागलेल्या शेपटाइतकेच उरते. हा अन्याय आहे.

न्यूयॉर्क मत्स्यालयात रॉस निग्रेली यांनी १९३६ साली ऊडिनियमचे जीवनचक्र पायरीपायरीने मांडले. तिथेच त्यांनी आणि जॉर्ज रुजिएरी या जेझुइट धर्मगुरू असलेल्या शास्त्रज्ञाने १९६६ साली क्रिप्टोकॅरिऑनच्या साथींचा मोठा अहवाल लिहिला. रोग कळला होता. आता औषध हवे होते.

ते आले सॅन फ्रान्सिस्कोहून. तिथल्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ साली ऊडिनियमवर कॉपर सल्फेट, म्हणजे आपला मोरचूद, कसा वापरावा यावर लेख प्रसिद्ध केला. शैवालाच्या नात्यातल्या जिवावर शैवालाचेच औषध लागू पडले, यात नवल नाही. मत्स्यालयांच्या हाताळणीत पुढे जे प्रमाण रुळले ते लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे. एक टक्का बोर्डो मिश्रणात लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम तांबे असते, म्हणजे बागेतल्या फवाऱ्याच्या मानाने टाकीतले तांबे बारा हजार पटींहून कमी. दोनशे लिटरच्या टाकीला सुमारे १५७ मिलिग्रॅम मोरचूद पुरतो. तो चिमटीने मोजायचा नसतो. जाणकार माणसे आधी तुलेवर तोलून ऊर्ध्वपातित पाण्यात पक्के द्रावण करतात आणि मगच ते मापाने सोडतात.

खरी अडचण प्रमाणाची नाही, समुद्राच्या पाण्याची आहे. ते अल्कधर्मी असते, सामू आठच्या थोडा वर. त्यात विरघळलेल्या कार्बोनेटांशी तांब्याचा संयोग होऊन ते हळूहळू तळाला बसते. टाकीत प्रवाळाचा चुरा, शिंपले, चुनखडीचे दगड असतील तर ते तांबे शोषून घेतात. सकाळी ०.२० मोजले तर संध्याकाळी ०.०८ असू शकते. आणि तांबे त्या मर्यादेखाली गेले की पोहणारे परजीवी वाचतात. मर्यादेवर गेले की माशाच्या कल्ल्यांना इजा होते आणि त्याची प्रतिकारशक्तीच ढासळते. शार्क आणि पाकट तर ते सोसतच नाहीत. म्हणून तांब्याचा उपचार हा ओतण्याचा उपचार नाही, मोजण्याचा आहे: रोज टेस्ट किटने पाहायचे, तूट भरून काढायची, आणि हे किमान तीन आठवडे, न कंटाळता. पुढे सायट्रिक ॲसिडची जोड देऊन, मग इतर रसायनांशी बांधून तांबे पाण्यात टिकवण्याच्या युक्त्या निघाल्या. आजच्या बाटल्यांत बहुधा असे बांधलेले तांबे असते, आणि त्याचे प्रमाण साध्या मोरचुदाहून कितीतरी जास्त ठेवावे लागते. एका प्रकारच्या बाटलीचे माप दुसरीला लावल्याने मासे मेल्याच्या हकिकती या छंदात वारंवार ऐकू येतात, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण ते टाळता येण्यासारखे असते.

मग १९६१ साली टाकीचेच रूप बदलायला सुरुवात झाली. जकार्तामधल्या ली चिन एंग यांनी अमेरिकन नियतकालिकात लिहिले की समुद्रातले जिवंत दगड, त्यांवरच्या जिवाणू-स्पंज-किड्यांसकट, टाकीत ठेवले तर पाणी आपोआप स्वच्छ राहते. या कल्पनेतून पुढच्या दोन-तीन दशकांत रीफ टँक उभा राहिला: प्रवाळ, समुद्रफूल, कोळंबी, शंख आणि मासे एकत्र. तिथे मोरचुदाचे राज्य संपले. कोळंबी आणि शंखांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा घटक तांब्याचाच असतो, तरी पाण्यातले थोडे जादा तांबे त्यांना मारते. प्रवाळही टिकत नाही. दगडात एकदा मुरलेले तांबे पुढे केव्हाही पाण्यात उतरू शकते. रीफ टँकमध्ये तांबे टाकणे म्हणजे टाकी संपवणे.

या कोंडीतून वाट काढली ती औषधाने नव्हे, कालगणनेने. इस्रायलमध्ये तांबड्या समुद्राकाठी एलात इथे अँजेलो कोलोर्नी हे सी-ब्रीम माशांच्या शेतीतल्या क्रिप्टोकॅरिऑनवर काम करत होते. १९८५ साली त्यांनी दाखवले की पाण्याचा खारेपणा हजारी दहा भागांपर्यंत खाली आणून काही तास ठेवला आणि हे तीन-तीन दिवसांच्या अंतराने केले, तर परजीवीची कवचे फुटतात आणि मासे तगतात. दोन वर्षांनी त्यांनी आणखी साधा उपाय सुचवला: मासे दर तीन दिवसांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत हलवायचे, असे चार वेळा. माशावरून गळलेला परजीवी कवच करून बसतो, पण त्याची पिल्ले बाहेर यायच्या आत मासा तिथून निघालेला असतो. यात औषध नाही, विषबाधा नाही, फक्त दोन टाक्या आणि शिस्त. इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे पीटर बर्जेस आणि मॅथ्यूज यांनी १९९०च्या दशकात हा परजीवी मासा सोडतो आणि कवच फोडतो ते मुख्यतः अंधारात, हे दाखवले. त्यांनीच बोय माशाच्या जातीवर सिद्ध केले की रोगातून वाचलेल्या माशाला काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते. ‘माझ्या टाकीत लसणाच्या रसाने इच गेला’ असे जे ठामपणे सांगितले जाते, त्यातल्या बऱ्याच यशाचे श्रेय मी या प्रतिकारशक्तीला देतो. लसणाला नाही. क्लीनर रॅस मासा ठिपके टिपून खाईल ही आशाही फोल आहे, कारण परजीवी कातडीच्या आत असतो.

उलट बाजूने पाहिले तर माशांविना ठेवलेल्या टाकीत परजीवी उपाशी मरतो. प्रश्न एवढाच की किती दिवस? बहुतेक कवचे आठवड्याभरात फुटतात, पण काही फार उशिरा. कोलोर्नी आणि बर्जेस यांच्या १९९७च्या आढाव्यात ही मर्यादा ७२ दिवसांपर्यंत जाते, आणि छंदातले लोक जे ७६ दिवस धरतात त्याचे मूळ तिथे आहे. कमी खारेपणाचाही भरवसा सरसकट देता येत नाही. २००३ साली तैवानमधून कमी क्षारातही तगणाऱ्या क्रिप्टोकॅरिऑनची नोंद झाली, आणि व्हेल्व्हेटला तर खारेपणातले चढउतार फारसे बाधतच नाहीत.

व्हेल्व्हेटसाठी म्हणून आणखी एक पाहुणे औषध आले: क्लोरोक्वीन. १९३४ साली जर्मनीतल्या बायर कंपनीत हान्स आंडरझाग यांनी हिवतापासाठी बनवलेले हे संयुग १९८०च्या दशकात माशांच्या टाकीत पोहोचले. ते तांब्यासारखे दगडात मुरत नाही, पण घरच्या किटने मोजताही येत नाही. मार्च २०२०मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात एका जोडप्याने करोनाच्या भीतीने माशांसाठी ठेवलेले क्लोरोक्वीन फॉस्फेट घेतले आणि त्यातला पुरुष दगावला. माशांचे औषध माणसांच्या कपाटात ठेवू नये, हे सांगायला आणखी उदाहरण लागू नये.

आपल्याकडे मरिन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले, क्रिप्टोकॅरिऑनला नाव मिळाले त्याच वर्षी. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्री मासा जिवंत पाहिला तो तिथेच. आता हा विषय शोभेपुरता राहिलेला नाही. तामिळनाडूतल्या मंडपम इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कोबिया आणि पाँपॅनो या खाण्याच्या माशांचे बीज तयार केले, आणि तिथल्या जनक माशांवरही अमायलूडिनियमने हल्ला केल्याच्या नोंदी आहेत. आपल्या किनाऱ्यावर पिंजऱ्यातली मत्स्यशेती वाढते आहे. लंडनच्या तळघरातल्या टाक्यांत ओळखलेला परजीवी उद्या मच्छीमाराच्या कर्जाचा प्रश्न होऊ शकतो. बंद पाण्यात मासे दाटीने ठेवले की तो येतो, मग टाकी काचेची असो वा सिमेंटची.

घरी मरीन टँक ठेवणाऱ्यांना माझे सांगणे साधे आहे. भारतीय समुद्रातले प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत, ते कोणी देऊ केले तरी घेऊ नका. मासा क्रॉफर्ड मार्केटमधून आणा की कुर्ल्याहून, त्याला थेट मोठ्या टाकीत सोडू नका. पन्नास-साठ लिटरची एक रिकामी टाकी, एक स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, तांब्याचे टेस्ट किट, एवढे मासा घेण्याआधी घरात असू द्या. नव्या माशाला तिथे महिनाभर ठेवा, तो निरोगी दिसत असला तरीही. आणि मोठ्या टाकीत साथ आलीच तर दगडांवर औषध ओतू नका: सगळे मासे बाहेर काढा, त्यांच्यावर वेगळा उपचार करा, आणि मोठी टाकी ७६ दिवस माशांविना चालू ठेवा.